गाडी तीन सेंटिमीटर वर, रस्ता तिथेच

मंडळी, पोस्ट जरा लांबली आहे. चहा घेऊन बसा आणि पूर्ण वाचा. विषय गाडीचा आहे, पण ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी आधी वाचावा असा आहे.

गेल्या दीड-दोन वर्षांत आपल्या गावात गॅरेजवाल्यांना एक नवं काम मिळालंय. गाडी उचलून द्यायची. चार मीटरच्या आतल्या ज्या छोट्या एसयूव्ही आता गल्लोगल्ली दिसतात, त्यांच्या मूळच्या स्प्रिंगा काढायच्या आणि जरा उंच, जरा कडक स्प्रिंगा टाकायच्या. गाडी तीन सेंटिमीटर वर येते. कुणी त्याहून स्वस्तात स्प्रिंगेच्या वेटोळ्यात रबरी बफर अडकवतं, कुणी शॉकअपच्या वर स्पेसर बसवतं. मार्ग वेगळे, कारण एकच. गाडी खालून घासते.

आता गंमत बघा. ही गाडी लोकांनी घेतलीच मुळी उंच आहे म्हणून. हॅचबॅक घासते, सेडान तर आपल्या रस्त्यावर नकोच, म्हणून कर्ज काढून ही घेतली. कंपनीच्या पुस्तकात ग्राउंड क्लिअरन्स साधारण 180 ते 210 मिलिमीटर लिहिलेला असतो. पण तो बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा. पाच माणसं बसली, मागे गावाकडून आणलेलं तांदळाचं पोतं पडलं, की गाडी तीन-चार सेंटिमीटर खाली बसते. उरतात पंधरा-सोळा सेंटिमीटर.

माझे साडू याच कारणानं परवाच्या रविवारी गाडी घेऊन गॅरेजला गेले, सोबत मी. त्यांना सोबत हवी होती आणि मला हे काम डोळ्यांनी बघायचं होतं. दिवसभर बाकड्यावर बसून बघितलं, ते सांगतो, कारण वर येते म्हणजे नक्की काय होतं हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गाडी जॅकवर घेतली, खाली स्टँड लावले, चाकं काढली. पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असतात. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर क्लिपमधून सोडवली, लिंक रॉड काढला, खालचे दोन जाड बोल्ट आणि बॉनेटखालचे वरचे नट काढले की अख्खा शॉकअप बाहेर. इथून पुढचं काम जोखमीचं. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. तिला दोन बाजूंनी दाबायचं हत्यार लावल्याशिवाय वरचा नट सोडला तर ती गोळीसारखी उडते. मिस्त्री आम्हाला म्हणाले, "साहेब, बाजूला व्हा. हिच्यासमोर उभं राहायचं नाही." मग जुनी स्प्रिंग काढली, नवी बसवली, तिचं खालचं टोक वाटीतल्या खाचेत नीट बसलंय का हे बोटानं चाचपून बघितलं. मागचं काम त्या मानानं सोपं. आडव्या बीमला जॅकचा आधार दिला, शॉकअपचा खालचा बोल्ट काढला, बीम खाली सोडला, स्प्रिंग हातानं बाहेर.

या मिस्त्रींचं एक आवडलं. बीमचा बुशाचा बोल्ट त्यांनी गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचा आवळला. हवेत आवळला तर आतलं रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. सगळीकडे एवढं कुणी करत नाही.

संध्याकाळी गाडी खाली आली. टेप लावली. आधीपेक्षा तीन सेंटिमीटर वर. बिल पंधरा हजारांच्या आतबाहेर. साडूभाऊ खूश.

मग मी मिस्त्रींना विचारलं, "याचे तोटे काय?" ते हसले. म्हणाले, "गिऱ्हाईक हे विचारतच नाही."

तर ते तोटे. शॉकअपची एकूण हालचाल ठरलेली असते. गाडी तीन सेंटिमीटर वर उभी राहिली की चाकाला खड्ड्यात खाली उतरायला तेवढीच जागा कमी उरते. म्हणून खड्ड्यात ठक्क आवाज येतो. इंजिनकडून चाकाकडे जाणारा शाफ्ट जास्त तिरका होतो, त्याचा जॉइंट लवकर झिजतो. चाकांचा कोन बदलतो, अलाइनमेंट केली नाही तर टायर एका बाजूनं खातो. गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, म्हणजे घाटातल्या वळणावर ती आधीपेक्षा जास्त कलते. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर अपघातानंतर दाव्याच्या वेळी वाद होऊ शकतो.

आणि एक तोटा असा, जो मालकाला होतच नाही. समोरच्याला होतो. बरेच जण पैसे वाचवायला फक्त पुढची बाजू उचलतात, कारण घासतं ते इंजिनखालचं. या गाड्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर असतं अडीच मीटर. पुढून तीन सेंटिमीटर उचललं की दर दहा मीटरला बारा सेंटिमीटर इतका हेडलाइटचा झोत वर जातो. लो बीमला खाली झुकवलेलं असतं ते दहा मीटरला साधारण दहाच सेंटिमीटर. म्हणजे झुकाव संपला. तुमचा डिपर म्हणजे समोरच्या मोटारसायकलवाल्याला अप्पर. साडूभाऊंनी चारही स्प्रिंगा बदलल्या, तरी मिस्त्रींनी भिंतीवर झोत बघून लाइट सेट करून दिले. तुम्ही गाडी उचलली असेल तर एवढं तरी आजच करून घ्या. स्क्रूचं काम आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. गाडी घासते कशावर? खड्ड्यांवर कमी, स्पीडब्रेकरवर जास्त. आणि स्पीडब्रेकर कसा असावा हे या देशात लिहून ठेवलेलं आहे.

इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था. तिचं 99 क्रमांकाचं मानक गतिरोधकांसाठी आहे. त्यात नेहमीचा गोलाकार गतिरोधक असा सांगितलाय: उंची 10 सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर, गोलाई 17 मीटर त्रिज्येची. त्यावरून गाडी ताशी 25 किलोमीटरनं आरामात जावी. त्यावर काळे-पांढरे पट्टे हवेत आणि 40 मीटर आधी फलक हवा.

हे आकडे उगाच नाहीत. गणित करून बघा. अडीच मीटर अंतराची चाकं अशा गतिरोधकाच्या दोन बाजूंना आली, तरी चाकांखालचा रस्ताही उंचावलेलाच असतो. गाडीच्या पोटाशी फुगवटा जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर येतो. साधी हॅचबॅकसुद्धा पाच माणसं घेऊन न घासता जाईल. उंची नव्हे, रुंदी गाडी वाचवते.

मी टेप घेऊन आपल्या शाळेसमोरचा स्पीडब्रेकर मोजला. उंची 19 सेंटिमीटर, रुंदी एक मीटरच्या आसपास. पट्टे नाहीत, फलक नाही. हा अख्खा दोन चाकांच्या मधे मावतो, म्हणजे पूर्ण 19 सेंटिमीटर पोटाशी येतात. भरलेल्या गाडीखाली उरलेत पंधरा-सोळा. तीन वाढवले तरी साडेअठरा. साडूभाऊंची पंधरा हजारांची गाडी सहकुटुंब गेली की अजूनही टेकते!

पण हा स्पीडब्रेकर का झाला, हेही सांगायला हवं. तिथं एका लहान मुलीला गाडीनं उडवलं होतं. पोरगी वाचली, पण पाय मोडला. लोक चिडले, रस्ता अडवला, आणि दुसऱ्या दिवशी डांबराचा ढीग टाकून रोलर फिरवला गेला. त्या आईवडिलांना मी काय सांगणार की तुमचा स्पीडब्रेकर मानकात बसत नाही? त्यांना गाड्या हळू जायला हव्यात. त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे.

प्रश्न असा की गाड्या हळू झाल्या का? मी दोन संध्याकाळ तिथं टपरीवर बसलो. साध्या गाड्या जवळजवळ थांबून, तिरक्या करून जातात. उचललेल्या गाड्या? त्यांना थांबायचं कारणच उरलेलं नाही. एकटा ड्रायव्हर असला की दण्ण करून जातो. म्हणजे ज्यांच्यासाठी तो ढीग टाकला, त्यांनाच तो लागत नाही. मग गल्लीतले लोक म्हणतात, अजून उंच करा. उंच केला की अजून चार जण गॅरेजला जातात. ही शर्यत कुठं थांबणार?

या शर्यतीत हरतो तो जो काहीच उचलू शकत नाही. मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय टाकून, मांडीवर लेकरू घेऊन बसलेली बाई. रिक्षातून तपासणीला निघालेली गरोदर लेक. सायकलवरचं पोरगं. मणक्याचं ऑपरेशन झालेला म्हातारा, ज्याला अ‍ॅम्ब्युलन्समधून घरी आणताना त्या एका ढिगावर कळवळताना मी स्वतः ऐकलंय. यांच्यासाठी कुठल्या गॅरेजात स्प्रिंग मिळते?

आणखी एक गोष्ट घडली, ती मला जास्त लागली. दोन वर्षांपूर्वी आपल्या कॉलनीनं या रस्त्यासाठी अर्ज दिला होता. सह्या गोळा करायला पुढं होते ते गाडीवालेच, कारण गाड्या त्यांच्याच घासत होत्या. रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयानं पोच दिली आणि विषय संपवला. यंदा पुन्हा अर्ज करायचा म्हणून फिरलो तर एक जण म्हणाला, "आता काय गरज आहे? मी स्प्रिंगा टाकून घेतल्या." वाईट माणूस नाही तो. दमलेला आहे. पण ज्याचा आवाज कार्यालयात ऐकू जाण्याची शक्यता होती, तोच पंधरा हजार भरून रांगेतून बाहेर पडला. पाण्याचं असंच झालं, घरोघरी फिल्टर आले आणि नळाच्या पाण्याबद्दल बोलणं बंद झालं. आता रस्त्याची पाळी.

कायद्याचंही बघू. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीतल्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाहीत असा बदल मालकानं करायचा नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी 2019 मध्ये हेच ठणकावलं. आरसीवर ग्राउंड क्लिअरन्सचा रकाना नसतो, म्हणून गॅरेजवाला "चालतंय" म्हणतो. त्याच्या शब्दावर जाऊ नका, आधी आरटीओला लेखी विचारा. कारण 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ प्रमाणे नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि चुकीचा रस्ता बांधणाऱ्याला? त्याच दुरुस्तीतलं कलम 198अ वाचा. मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तरच एक लाखापर्यंत दंड. कैद नाही. गाडीवाल्याला तीन सेंटिमीटरसाठी तुरुंगाची भीती. रस्तेवाल्याला कुणाचा जीव गेल्यावर दंडाची पावती.

उंचीचा आकडा सरकारला मोजता येत नाही असंही नाही. जीएसटीत मोठ्या एसयूव्हीवर जादा कर लावताना 170 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची अट होती, आणि तो रिकाम्या गाडीचा धरायचा हेही जुलै 2023 मध्ये जीएसटी परिषदेनं स्पष्ट केलं. कर घ्यायचा तेव्हा मिलिमीटरचा हिशोब होतो. डांबर टाकायचं तेव्हा फावड्याचा.

निदान न्यायालय तरी बोलतंय. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना 6 लाख आणि जखमीला 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तो निकाल खड्ड्यांचा आहे. पण चांगला रस्ता ही मेहेरबानी नाही, हे त्यातून स्पष्ट आहे.

मग करायचं काय? माझी मागणी स्पीडब्रेकर काढा अशी मुळीच नाही. शाळेसमोर हवाच. मानकातला हवा, रुंद, पट्ट्यांचा, फलकाचा, जो उंच गाडीलाही हळू करतो आणि रिक्षातल्या बाईलाही त्रास देत नाही.

तीन कामं सांगतो. एक, आपापल्या गल्लीतला स्पीडब्रेकर मोजा. एक सरळ काठी आणि टेप पुरे. उंची, रुंदी, पट्टे आहेत का, फलक आहे का, आणि फोटो. खाली कमेंटमध्ये टाका, मी यादी करतोय. दोन, माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं तिकीट लागतं आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हा गतिरोधक कुणाच्या मंजुरीनं, कोणत्या मानकानुसार झाला, एवढाच प्रश्न विचारा. अर्जाचा मसुदा हवा त्यानं मेसेज करावा. तीन, ही यादी घेऊन आपण जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे जाऊ. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात, आणि मोजमापं हातात असली की बोलणं टाळता येत नाही.

आणि ज्यांनी गाड्या उचलून घेतल्यात, त्यांना खास विनंती. तुमच्यावर राग नाही. पण सही तुमचीही हवी. यंदाच्या अर्जावर पहिली सही साडूभाऊंची आहे, दुसरी माझी. तिसरी कुणाची?