डोळे उघडे ठेवून

चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, अमेरिकेत फटाके उडू लागले की काही घरांच्या अंगणात पाटी दिसते: इथे लढाईवरून परतलेला सैनिक राहतो, फटाके जरा बेताने. आवाज होताच त्याची छाती धडधडते, मुठी आवळल्या जातात, नजर दार शोधू लागते. इराक-अफगाणिस्तानात ज्या सावधपणाने जीव वाचवला, तोच आता झोप लागू देत नाही. व्हिएतनामच्या सैनिकांनी लढा दिला, तेव्हा कुठे १९८० साली या अवस्थेला मानसोपचाराच्या अधिकृत यादीत ‘पीटीएसडी’ (आघातानंतरचा तणावविकार) म्हणून जागा मिळाली.

त्याच्या आदल्याच वर्षी जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी सजगतेचा (माइंडफुलनेसचा) वर्ग सुरू केला; पुढे तो आठ आठवड्यांचा झाला. आठवड्याला अडीच तास, मध्ये एक दिवसभराचं मौन, शिवाय घरी रोजचा सराव. इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवस काढलेल्यांना श्वासावरचं आणि अंगभर फिरणारं लक्ष ओळखीचं वाटेल.

सैनिकांपुढे मात्र हा वर्ग जसाच्या तसा ठेवता येत नाही. ‘डोळे मिटा आणि आडवे व्हा’ ही साधी सूचना, पण सतत धोका हुंगणाऱ्या माणसाला ती निःशस्त्र करते. धुरात गुदमरलेल्याला श्वासाकडे पाहतानाच धाप लागू शकते. म्हणून जाणता शिक्षक डोळे उघडे ठेवू देतो, पाठ भिंतीला आणि दार समोर असेल अशी जागा देतो. श्वासाऐवजी तळपायांखालची जमीन किंवा बाहेरचे आवाज चालतात. मन रिकामं करायचं नसतंच. आठवण उसळली, पोटात गोळा आला, हे ओळखायचं आणि त्याच क्षणी पळ न काढता थोडं थांबायचं. ते कमालीचं अवघड असतं.

उपयोग किती होतो? मिनिआपोलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात पीटीएसडी असलेल्या ११६ जणांवर झालेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना सजगतेचा वर्ग, अर्ध्यांना रोजच्या अडचणींवर बोलणारा गट. वर्ग संपल्यावर दोन महिन्यांनी पाहिलं तर सजगतेच्या गटात जवळजवळ निम्म्यांच्या लक्षणांत ठळक उतार होता, दुसऱ्या गटात सुमारे २८ टक्क्यांच्या. पण निदानच पुसलं गेलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे साधारण सारखं राहिलं, आणि वर्ग मध्येच सोडणारे सजगतेच्या गटात जास्त होते. हा फायदा माफक आहे, तरी माझ्या मते मोलाचा: आघाताची गोष्ट पुन्हा उच्चारायचीच नाही, अशा माणसासाठीही इथे दार उघडं राहतं. आघातावर थेट काम करणाऱ्या उपचारांची जागा मात्र सजगता घेत नाही. अमेरिकी सरकारच्या २०२३च्या मार्गदर्शिकेतही पहिला मान त्या उपचारांनाच आहे.

माजी सैनिकांच्या खात्याने ‘माइंडफुलनेस कोच’ हे मोफत ॲपही काढलं आहे. रोजच्या सरावाला ते चांगलं. पण सुरुवातीचे आठवडे समोर माणूसच हवा: कपाळावरचा घाम त्याला दिसतो, आणि तो सराव तिथेच थांबवून खोलीतल्या पाच वस्तूंची नावं विचारतो.