तोंडाएवढा घास

नदीकाठी गळ टाकून बसलेल्या माणसाला येणारे-जाणारे दोनच प्रश्न विचारतात. ‘काय लागलं का?’ आणि ‘आमिष कशाचं लावलंय?’ तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. खरा प्रश्न मात्र तोच असतो. गोळी केवढी केलीय? कणीक असो, शेंगदाण्याची पेंड असो की गांडूळ, पदार्थ बरोबर आणि आकार चुकीचा असेल, तर संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन घर गाठावे लागते.

मी कराडचा. इथे कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन मिळतात आणि मग एक होऊन पूर्वेला वळतात. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड.ला आम्हाला ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’, ‘सोप्याकडून कठीणाकडे’ अशी सूत्रे पाठ करायला लावली होती. पण घास केवढा द्यावा, हे मला शिकवले ते माझ्या मामूंनी. ते भिंती रंगवण्याची कामे करीत आणि सुट्टीच्या दिवशी नदीवर जात. गोळी मळताना माझा हात सैल सुटू लागला की म्हणत, “मछली का मूँ देख रे, अपना पेट नको देख.”

मामूंची मापे स्वयंपाकघरातली होती. ज्वारीचा दाणा, हरभरा, बोर, लिंबू. लहान तोंडाच्या माशाला ज्वारी, किलोभराच्या रोहू-मृगळाला हरभरा, त्याहून थोराड असेल तर बोर. लिंबू आमच्या वाट्याला कधी आले नाही. तिकडे कावेरीवर मोठ्या महसीरसाठी नाचणीचे लिंबाएवढे आणि त्याहूनही मोठे गोळे लावत, हे मी पुढे वाचले.

या मापांमागे शास्त्र आहे. रोहू, मृगळ, महसीर हे सगळे एका कुळातले. त्यांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. पोटात आपल्यासारखी जठराची पिशवीही नसते. म्हणून हा मासा थोडे थोडे, पण सारखे खात राहतो. घास पाण्यासकट आत ओढतो, चाखतो आणि संशय आला तर थुंकून टाकतो. गोळी मोठी असली की तो नुसता कडा कुरतडतो. वर तरंगणारे बूच नाचते आणि गळावर काहीच नसते. शिवाय मोठ्या गोळीत गळाचे टोक बुडून जाते. झटका दिला तरी ते माशाच्या ओठात शिरत नाही. म्हणून आधी घास ठरवायचा आणि मग घासाला शोभेल असा गळ निवडायचा. गळाच्या नंबरांची रीत उलटी आहे. चौदा नंबरचा गळ बारीक, सहाचा मोठा. मुलांना हे सांगितले की ती आधी हसतात आणि मग कधीच विसरत नाहीत.

पाणीही बघावे लागते. थंडीत माशाचे रक्त पाण्याइतकेच गार होते, भूक मंदावते, तेव्हा घास लहान करायचा. पाणी नितळ असले तरी लहानच, कारण मासा नीट पाहून खातो. गढूळ पाण्यात शिंगाळ्यासारखे मासे मिशांनी आणि वासाने अन्न शोधतात, तिथे मोठा, वासाचा गोळा चालतो. चिल्लर मासे त्रास देऊ लागले की गोळी मोठी आणि घट्ट करायची. त्यात आणखी एक भले आहे. मोठा घास पिल्लांच्या तोंडात मावत नाही आणि ती वाचतात.

इंग्लंडात माशांचीही जात लावली गेली. सामन आणि ट्राउट हे खानदानी, शिकारीचे मासे. गोड्या पाण्यातले बाकीचे सगळे ‘कोर्स’, म्हणजे जाडेभरडे. मात्र त्याच देशातून आलेल्या विल्यम हेन्री साईक्स या लष्करी अधिकाऱ्याने आपल्या दख्खनच्या माशांची वर्णने लिहिली तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावे उचलून तशीच शास्त्रीय नावात घातली. 1839 साली ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. खुद्री, कोलस, मुल्या, बोगट, पोटेल ही नावे तेव्हापासून जगभरच्या प्राणिशास्त्रात आहेत. त्यातच एक ‘नुक्टा’ आहे. उर्दूच्या शिक्षकाला त्यात अक्षरावरचा नुक्ता दिसणारच! पण त्या काळचे इंग्रज दख्खनला ‘डुखन’ लिहीत, आपला ‘अ’ त्यांच्याकडे ‘उ’ होई. तेव्हा तो आपला नकटा. कृष्णेच्या खोऱ्यातला हा मासा. त्याच्या नाकाडावर खोल खाच असते आणि तोंड खालच्या बाजूला. ज्याने कुणी त्याला नकटा म्हटले, त्याने मामूंसारखेच आधी त्याचे तोंड न्याहाळले असणार.

आज नदीवर बसलेल्या पोरांना विचारा, बहुतेक एकच नाव सांगतील. चिलापी. 1952 साली हा परदेशी मासा भारतात आणला गेला आणि पुढे नद्या-धरणांत पसरला. तो काहीही खातो, त्यामुळे त्याच्यासाठी माप लागत नाही. आणि माप लागेनासे झाले की कुणाचे तोंड कसे हे बघण्याचे कारण राहत नाही. मग नावही जाते.

माझ्या वर्गात सहावीला एक मुलगा होता. घरी दखनी, पुस्तकात उर्दू, बाजारात मराठी. वाचनाच्या तासाला तो मान खाली घालून बसे. धड्याचे पान त्याला डोंगराएवढे वाटे. त्याचे आजोबा गळाने मासे धरतात हे कळल्यावर मी त्याला एक वही दिली. रोज एकच मासा लिहायचा. नाव, तोंड कसे, घास केवढा. उजवीकडून उघडली की उर्दू, डावीकडून उघडली की मराठी. पहिल्या दिवशी त्याने लिहिले: मरळ, तोंड रुंद, जिवंत बेडकी. दुसऱ्या दिवशी: वाम, तोंड टोकदार, गांडुळाचा तुकडा, रात्री. मुले मासे नव्हेत आणि शाळा म्हणजे गळ नव्हे, हे मला कळते. घासाचा हिशोब मात्र दोन्हीकडे तोच आहे.

सहामाहीनंतर त्याचे अब्बा त्याला गॅरेजमध्ये लावायचे म्हणून दाखला मागायला आले. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. ते उभ्या उभ्या वाचू लागले, मग बाकावर बसले. “बोगट... ये तो मेरे बाबा धरते थे सर,” एवढेच म्हणाले. दाखला न घेता गेले.

मुलगा आता सातवीत आहे. दुपारी गॅरेजमध्ये जातो, शाळेत आठवड्यातून चार दिवस येतो. पाचव्या दिवसाचा हट्ट मी अजून धरलेला नाही. वहीत एकवीस मासे झालेत. नकट्यापुढे ‘घास केवढा’ हा रकाना कोरा आहे. आजोबांनी तो मासा कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. आठवून सांगतो म्हणालेत.