विक्रीचा तक्ता आणि त्यामागचे करार : निन्टेन्डो, सेगा, सोनी

१/
सोनीचा पहिला प्लेस्टेशन : सुमारे १० कोटी २० लाख. निन्टेन्डो ६४ : सुमारे ३ कोटी ३० लाख. सेगा सॅटर्न : एक कोटीहूनही कमी. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रंगलेल्या 'कन्सोल युद्धा'चा हा निकाल. मात्र या तक्त्यात एक कोडे दडले आहे. १९९३ साली सेगा अमेरिकेत निन्टेन्डोच्या खांद्याला खांदा लावून उभी होती आणि सोनीने स्वतःचा एकही कन्सोल विकलेला नव्हता. मग दोन-तीन वर्षांत हे पारडे फिरले कसे?

२/
या कथेची मुळे १९८३ मध्ये आहेत. अमेरिकेत त्या वर्षी व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला. अटारीच्या यंत्रासाठी वाटेल त्याने वाटेल तसे खेळ काढले होते. दुकाने न खपलेल्या मालाने भरून गेली. अटारीने आपला शिल्लक माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे जमिनीत पुरला. २०१४ मध्ये उत्खनन झाले तेव्हा ती कार्ट्रिजे खरोखरच मातीतून वर आली. 'व्हिडिओ गेम' हा शब्दही अमेरिकी दुकानदारांना नकोसा झाला होता.

३/
त्याच वर्षी जुलैमध्ये जपानात निन्टेन्डोचा 'फॅमिकॉम' बाजारात आला. १९८५ मध्ये तो अमेरिकेत नेताना कंपनीने त्याला 'एंटरटेनमेंट सिस्टिम' असे नाव दिले, सोबत एक खेळण्यातला रोबो ठेवला आणि न्यूयॉर्कच्या दुकानदारांना न खपलेला माल परत घेण्याची हमी दिली. तोंड पोळलेल्या विक्रेत्यांचा विश्वास असा कमावला गेला.

४/
दुसरा बंदोबस्त यंत्राच्या आत होता. अमेरिकी आवृत्तीत एक चिप बसवलेली होती. निन्टेन्डोने मान्यता न दिलेले कार्ट्रिज ती चालू देत नसे. खेळ तयार करणाऱ्या कंपन्यांसाठी अटी कडक होत्या : वर्षाला पाचच खेळ, तो खेळ दोन वर्षे इतर यंत्रांवर आणायचा नाही, कार्ट्रिजे निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायची आणि पैसे आगाऊ मोजायचे. पाचांची मर्यादा ओलांडण्यासाठी कोनामीला 'अल्ट्रा' या वेगळ्या नावाने खेळ काढावे लागले.

५/
या अटींना केवळ जुलूम म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९८३ च्या पडझडीनंतर बाजाराला शिस्त हवीच होती आणि निन्टेन्डोने ती लावली. दशक संपता संपता अमेरिकी बाजाराचा नव्वद टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा तिच्या हाती होता. पण शिस्त लावणाऱ्याच्या हाती एवढी सत्ता एकवटली की, इतरांना तिचा जाच होऊ लागतो. खेळ बनवणाऱ्या कंपन्या निन्टेन्डोकडे थांबल्या होत्या, कारण जाण्यासारखी दुसरी जागा नव्हती.

६/
ती जागा सेगाने उभी केली. १९८९ मध्ये तिचा सोळा-बिट कन्सोल 'जेनेसिस' या नावाने अमेरिकेत आला. जपानात तो 'मेगा ड्राइव्ह' होता. इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌स या कंपनीने त्याची अंतर्गत रचना स्वतःच उलगडून काढली आणि त्या बळावर सेगाशी अधिक सवलतीचा करार पदरात पाडून घेतला. तिचा 'जॉन मॅडन फुटबॉल' जेनेसिसच्या खपाला मोठा हातभार लावून गेला.

७/
१९९० मध्ये सेगाच्या अमेरिकी शाखेची सूत्रे टॉम कॅलिन्स्की यांच्याकडे आली. त्यापूर्वी ते बार्बी बाहुली बनवणाऱ्या मॅटेल कंपनीचे प्रमुख होते. खेळण्यांचा बाजार त्यांना तळहातासारखा ठाऊक होता. यंत्राची किंमत उतरवा, नवा 'सॉनिक' हा खेळ त्यासोबतच द्या आणि जाहिरातीत निन्टेन्डोला थेट आव्हान द्या, असा त्यांचा आग्रह होता. टोकियोतील वरिष्ठांना हे रुचले नाही. तरीही अध्यक्ष हायाओ नाकायामा यांनी त्यांना मोकळीक दिली. १९९१ मध्ये सॉनिक आला आणि दोन्ही कंपन्यांतील अंतर झपाट्याने कमी झाले.

८/
१९९३ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' दोन्ही यंत्रांवर आला. निन्टेन्डोच्या आवृत्तीत रक्ताच्या जागी करडा घाम दिसे. सेगाच्या आवृत्तीत एक सांकेतिक क्रम दाबला की रक्त उसळे. खप सेगाच्या आवृत्तीचा अधिक झाला. डिसेंबरमध्ये हा विषय अमेरिकी सिनेटच्या सुनावणीपर्यंत गेला आणि पुढच्या वर्षी खेळांना वयानुसार वर्गवारी देणारी 'ईएसआरबी' ही व्यवस्था अस्तित्वात आली. पुढच्या भागात निन्टेन्डोनेही रक्त राहू दिले. स्पर्धेमुळे तिला आपला नियम सोडावा लागला होता.

९/
या गदारोळात कोणाचे फारसे लक्ष नसलेली घटना जून १९९१ ची, शिकागोची. निन्टेन्डोच्या यंत्राला सीडी जोडण्यासाठी सोनीचा तिच्याशी १९८८ पासून करार होता. प्रदर्शनात सोनीने आपले 'प्ले स्टेशन' जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने सीडीसाठी फिलिप्सशी हातमिळवणी केल्याचे सांगितले. जुन्या करारानुसार सीडीवरील खेळांचे हक्क सोनीकडे जात होते आणि निन्टेन्डोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांना ते मान्य नव्हते. चारचौघांत झालेला हा अपमान सोनीच्या जिव्हारी लागला. केन कुतारागी या अभियंत्याने स्वतंत्र कन्सोलचा आग्रह धरला आणि वरिष्ठांनी तो उचलून धरला.

१०/
सोनीने निन्टेन्डोच्या अटींनी त्रासलेल्या कंपन्यांकडे मोर्चा वळवला. सीडी स्वस्त आणि झटपट तयार होई. कार्ट्रिजसारखी आगाऊ पैशांची जोखीम तिच्यात नव्हती. निन्टेन्डोशी बिनसलेली नामको सोनीच्या बाजूने उभी राहिली आणि डिसेंबर १९९४ मध्ये जपानात प्लेस्टेशन आला तेव्हा पहिल्या दिवसापासून नामकोचा 'रिज रेसर' सोबत होता.

११/
सेगाने नेमकी याच वेळी आपली माणसे दुखावली. ११ मे १९९५ रोजी लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात कॅलिन्स्की यांना जाहीर करावे लागले की, सप्टेंबरमध्ये येणारा सॅटर्न आजच निवडक दुकानांत पोहोचला आहे. किंमत ३९९ डॉलर. हा निर्णय टोकियोचा होता, कॅलिन्स्की यांचा त्याला विरोध होता. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, '२९९' एवढाच आकडा उच्चारला आणि खाली उतरले.

१२/
त्या शंभर डॉलरांच्या फरकाची आठवण आजही काढली जाते. पण दुसरा घाव अधिक खोल होता. चारच साखळी दुकानांना माल मिळाला. वगळल्या गेलेल्या के-बी टॉइजने सेगाचा माल ठेवणेच बंद केले. सप्टेंबरच्या हिशेबाने काम करणाऱ्या खेळनिर्मात्यांचे खेळ तयार नव्हते, त्यामुळे नव्या यंत्रावर खेळायला फारसे काही नव्हते. दशकभरापूर्वी निन्टेन्डोने दुकानदारांचा विश्वास मिनतवारीने मिळवला होता. सेगाने तो एका सकाळीत गमावला.

१३/
निन्टेन्डोलाही किंमत मोजावी लागली. निन्टेन्डो ६४ साठी तिने कार्ट्रिज सोडले नाही, म्हणून स्क्वेअर ही तिची जुनी सहकारी कंपनी सोनीकडे गेली आणि १९९७ चा 'फायनल फँटसी ७' प्लेस्टेशनवर आला. कॅलिन्स्की १९९६ मध्येच सेगातून बाहेर पडले होते. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने 'ड्रीमकास्ट' थांबवत असल्याचे जाहीर केले आणि कन्सोलचा धंदा सोडला. तिचे प्रमुख इसाओ ओकावा यांनी कंपनीला दिलेली कर्जे माफ केली, स्वतःचे समभागही देऊन टाकले. त्याच मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. वर्षअखेरीस सॉनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर धावू लागला होता.

१४/
म्हणून विक्रीचा आकडा हा इतिहासाचा निष्कर्ष असतो, कारण नव्हे. तिन्ही कंपन्यांकडे हुशार अभियंते होते, उत्तम खेळ होते. फरक पडला तो भागीदाराशी, दुकानदाराशी आणि स्वतःच्याच दूरच्या शाखेशी त्या कशा वागल्या यात.

१५/
आणखी एक गोष्ट या तक्त्यात सापडत नाही. जपानी फॅमिकॉममध्ये ती कुलूपवजा चिप नव्हती. त्यामुळे आशियात त्याच्या नकला मुबलक निघाल्या आणि १९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांतही पोहोचल्या. 'व्हिडिओ गेम' म्हणून ओळखले जाणारे ते खोके, '९९९९९९ इन वन' असे छापलेल्या त्या 'कॅसेटी', त्यांतला मारिओ आणि कॉन्ट्रा! मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत एका पिढीच्या हाती पहिल्यांदा आला तो निन्टेन्डोचाच खेळ, बहुतेकांना ते नाव ठाऊकही नसताना. तो खप कोणत्याही कंपनीने मोजलेला नाही.