पाव फेरीचं अंतर

रंगमंचावर गोल फिरणारा झोत मुळात गोल फिरत नसतो. दिव्याच्या डोक्याला दोनच हालचाली येतात: आडवी ती पॅन, उभी ती टिल्ट. कन्सोलवर दोन्हींना एकाच वेगाचा झोका द्यायचा. दोन्ही बरोबरच निघाल्या तर झोत एका तिरप्या रेषेवर ये-जा करत राहतो. त्यातल्या एकीला पाव फेरी, म्हणजे 90 अंश, मागे ठेवलं की ती रेषा उघडत जाते आणि वर्तुळ होतं. नागपुरात भाड्याच्या कन्सोलवर हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी ते अंतर 0 पासून 90 पर्यंत नुसतं वरखाली करत बसलो होतो. या अंतराला फेज म्हणतात.

हलत्या उजेडाचं वेड मात्र गावाकडचं. आमचा झरी जामणी तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या टोकाला, पैनगंगेपलीकडे तेलंगणा. दिवाळीत कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, दंडार हा नाच व्हायचा. बांबूला टांगलेली पेट्रोमॅक्सची बत्ती वाऱ्यानं डुलायची आणि नाचणाऱ्यांच्या सावल्या मागच्या कुडावर लांब-आखूड व्हायच्या. नाचणारा थांबला तरी त्याची सावली थांबत नसे. पुढे गावोगावच्या नाटकांत रंगीत चाक पाहिलं: स्पॉटच्या तोंडाशी लाल, हिरवे, निळे जिलेटीन लावलेलं, आणि ते हातानं फिरवणारा एक मुलगा. पुढं तो मुलगा मीच झालो. गाण्याला चाक कितपत पळवायचं आणि कुठल्या संवादाला रोखून धरायचं, हे कुणी सांगत नसे. मनगटाला आपोआप कळायला लागायचं.

प्रकाशयोजनाकार तापस सेन हे नाव फार नंतर ऐकलं. 1959 साली कलकत्त्यात उत्पल दत्तांच्या ‘अंगार’ नाटकात त्यांनी कोळशाच्या खाणीत पाणी चढताना उजेडातून दाखवलं होतं. वणीच्या कोळसा खाणींच्या शेजारी वाढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटलं असेल! मोटारीवर मान वळवणारे दिवे त्यानंतर 22 वर्षांनी, 1981 मध्ये, जेनेसिस या ब्रिटिश बँडच्या दौऱ्यात आले.

आता ते लग्नाच्या मंडपातही असतात. कंपनी कोणतीही असो, आमच्याकडे सगळ्यांचं नाव शार्पी. आणि मागणी एकच: ‘भाऊ, लाइट फिरले पायजेत!’ मग बहुतेकजण तयार इफेक्ट उघडतात, स्पीड वर ढकलतात आणि सोडून देतात. मला हे बघवत नाही. वेग सगळं झाकतो. खरी परीक्षा संथ हालचालीची. अनेक दिव्यांत पॅनचा पूर्ण पल्ला 540 अंशांचा असतो. तो एका चॅनेलच्या 256 पायऱ्यांत वाटला तर एकेक पायरी दोन अंशांहून मोठी होते आणि 20 मीटरवर झोत जवळजवळ पाऊण मीटर सरकतो. यंत्र आतून थोडं सावरून घेतं, तरी संथ सुरांवर झोत अडखळतो. म्हणून एका हालचालीला दोन चॅनेल देऊन 65,536 पायऱ्या करतात; मग तीच सरक तीन मिलिमीटरांच्या आत येते.

आणखी एक खोड. दिवा नेमका खाली बघत असला की नुसत्या पॅननं झोत जागेवरच गरगरतो, हलत नाही. म्हणून इफेक्टआधी दिव्याची मूळ दिशा ठरवावी लागते. वर्तुळ कुठे बसणार, हे तिथेच ठरतं.

पण माझा जीव अडकला तो दिव्यांच्या ओळीत. आठ दिव्यांना एकच झोका देऊन प्रत्येकाला 45 अंश मागे ठेवलं की लाट धावते. पुस्तकी वाटणी तीच. मी समान वाटणी करत नाही. ढेमसा नाचातली माणसांची लांब साखळी वळताना मी पाहत आलोय: ढोलाजवळचा आधी वाकतो, टोकाचा जरा उशिरा, आणि मधले कुणीच एकमेकांपासून सारख्या अंतरावर नसतात. म्हणून मी पहिल्या दिव्यांत कमी अंतर ठेवतो, शेवटच्यांत जास्त, आणि प्रत्येकाचा आवाका, म्हणजे साइज, थोडा वेगळा ठेवतो. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण त्या लाटेकडे तो जास्त वेळ बघतो, हे मी कन्सोलमागून पाहिलंय. दंडार मंचावर आली की मात्र दिवे जवळजवळ स्थिर ठेवतो. दंडारीतल्या घुसाडी नर्तकाच्या डोक्यावरचा मोरपिसांचा टोप हलत असताना वरून आणखी काही हलवायची मला गरज वाटत नाही.

अशी लाट जुळवायला लागतो अंधार, आणि तोच मिळत नाही. दिवे टांगायचा ट्रस दुपारी उभा राहतो, प्रोग्रॅमिंग उन्हात चालतं, झोत कुठे पडलाय ते अंदाजानंच. संध्याकाळी धूर सोडला की पहिल्यांदा लाट दिसते, तोवर पाहुणे खुर्च्यांवर बसलेले असतात. गावोगावच्या मंडळांना म्हणूनच माझं सांगणं असतं: जेवणावळीतला एखादा पदार्थ कमी करा, पण ट्रस आदल्या दिवशी लावू द्या आणि त्या रात्री दोन तास जनरेटर चालू ठेवा.