व्हॉल्व्ह कोणासाठी उघडायचा?

माझ्या नोकरीतल्या कामाविषयी मी सहसा बोलत नाही. घरी पाहुण्यांनी विचारलेच तर "कॉम्प्युटरवर काहीतरी" एवढे उत्तर सर्वांना पुरते. पण गेल्या वर्षी कारखान्यात जे घडले ते दोन-तीन स्नेह्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी ते लिहून काढण्याचा आग्रह धरला. चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो.

मी दक्षिणेतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. बरीच वर्षे हातात पाना होता. पुढे गुडघे कुरकुरू लागले तेव्हा मला शिकवण्याच्या कामाकडे वळवण्यात आले. मशीन कसे थांबवावे, पट्टा कसा बदलावा, टाकी कशी धुवावी, याच्या आम्ही छोट्या चित्रफिती काढतो. जुना फोरमन बोलतो आणि एखादा तरुण कारागीर फोन धरून चित्रण करतो. मग एक सॉफ्टवेअर फोरमनचा आवाज ऐकून त्याचे बोलणे हिब्रू अक्षरांत चित्राखाली लिहिते. यालाच कॅप्शन म्हणतात. ही अक्षरे शोभेची नाहीत. आमचा एक सहकारी लहानपणापासून ऐकू शकत नाही. त्याला फोरमन काय म्हणतो ते तेवढ्यावरूनच कळते. शिवाय मशीनच्या खोलीत इतका गोंगाट असतो की ऐकणाऱ्यांनाही वाचावेच लागते.

दुसरीकडे आमच्या विभागाची विकी आहे. विकी म्हणजे सर्वांनी मिळून लिहायची वही. कोणीही पान उघडावे, सुधारावे, आणि कोणी केव्हा काय बदलले याची नोंद मागे राहावी. वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी १९९५ साली अशी पहिली वही इंटरनेटवर ठेवली आणि होनोलुलू विमानतळावरच्या बसच्या नावावरून तिचे नाव ठेवले. हवाई बेटांच्या भाषेत विकी म्हणजे लवकर. मलाही लवकरच हवे होते, आणि तेच नडले.

झाले असे की चित्रफितीतले बोलणे आम्ही हाताने विकीवर उतरवत होतो. दहा मिनिटांच्या फितीला अर्धा दिवस जाई. कॅप्शनची फाईल तर तयारच असते. तिच्यात आधी क्रमांक, मग ००:०२:१४,५०० अशी वेळ, आणि खाली एक-दोन ओळी मजकूर, असे तुकडे असतात. माझ्या मुलीने सांगितले, "बाबा, हे हाताने कशाला करता? दोन्ही जोडून टाका ना." अशी जोडणी करून देणाऱ्या सेवा आहेत, झॅपियर, मेक, एन-एट-एन ही त्यांतली काही नावे. एकीकडे एखादी गोष्ट घडली की दुसरीकडे ठरलेले काम आपोआप व्हावे, एवढेच त्यांचे तत्त्व. कॅप्शन तयार झाले की सॉफ्टवेअरने निरोप धाडायचा. मधल्या सेवेने फाईल आणायची, क्रमांक आणि वेळा गाळायच्या, ओळी सांधायच्या आणि विकीच्या दारी आपली चावी दाखवून पान भरायचे.

दोन संध्याकाळी बसून मी हे उभे केले. पहिल्या आठवड्यात फजिती झाली. निरोप आला की दर वेळी नवेच पान तयार होई, त्यामुळे एकाच पट्ट्याची चार पाने झाली. मग पान आधीच असेल तर त्याच्यावरच लिही, अशी सूचना मी घातली. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, पण मधल्या सेवेला ते ठाऊक नसावे; वाक्याचा पूर्णविराम उडी मारून भलत्या टोकाला बसू लागला. तेही निस्तरले. साहेबांनी पाठ थोपटली आणि मी फुगलो.

एके दिवशी तो ऐकू न येणारा सहकारी माझ्या टेबलाशी आला. वाफेच्या टाकीचे पान त्याने फोनवर उघडले होते. एका ओळीवर बोट ठेवून त्याने कागदावर लिहिले : "व्हॉल्व्ह कोणासाठी उघडायचा?"

मला प्रथम विनोद वाटला. मग मी ती ओळ वाचली. फोरमन म्हणाला होता, काटा शून्यावर येईपर्यंत हा व्हॉल्व्ह उघडायचा नाही. हिब्रूत 'नाही' म्हणजे लो, अलेफने लिहायचा. 'त्याला' म्हणजेही लो, पण वावने लिहायचा. कानाला दोन्ही एकच. आपल्यापैकी कित्येकांनी उल्पानमध्ये यावरून बोलणी खाल्ली असतील. मशीनने वाव लिहिला होता, म्हणजे 'उघडायचा नाही'चे झाले 'त्याच्यासाठी उघडायचा'. ऐकणारा माणूस वाचतानाही मनातल्या मनात ऐकतो, त्यामुळे आम्हा इतरांच्या डोळ्यांखालून ती ओळ तशीच निघून गेली होती. अडखळला तो एकटाच.

मी त्याचे आभार मानले आणि विकीवर जाऊन वावाचा अलेफ केला. काम संपले असे मला वाटले.

दोन आठवड्यांनी फोरमनच्या खोकल्याचा तुकडा कापण्यासाठी कोणीतरी त्या चित्रफितीला कात्री लावली. फीत बदलली म्हणून कॅप्शन नव्याने लिहिले गेले, निरोप गेला, आणि माझ्याच सूचनेप्रमाणे जोडणीने पान पुसून पुन्हा भरले. माझा अलेफ गेला. आणि या खेपेला मशीनने वावही लिहिला नव्हता. फोरमन तो शब्द पुटपुटल्यासारखा म्हणतो. 'लो' साफ गळाला होता. आता ओळ अशी झाली : काटा शून्यावर येईपर्यंत हा व्हॉल्व्ह उघडायचा.

वाचकहो, पहिली चूक वेडगळ होती, म्हणून सापडली. दुसरी ओळ व्याकरणाने शुद्ध, अर्थाने पटण्याजोगी. नवा मुलगा आला असता तर त्याने दाब असतानाच व्हॉल्व्ह उघडला असता आणि उकळते पाणी त्याच्या तोंडावर आले असते. तसे झाले नाही. त्याच सहकाऱ्याला जुनी ओळ आठवत होती, आणि मी खरेच दुरुस्त केले की नाही हे पाहायला त्याने पान उघडले होते. या वेळी त्याने कागदावर काही लिहिले नाही. फोन माझ्यासमोर धरला आणि माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

त्या रात्री मला आजीची आठवण झाली. आम्ही मुंबईहून आलो तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि घरात मराठी लिहिणारे हात थोडेच होते. मुंबईच्या मावशीला एरोग्राम धाडायचे तर आजी सांगे आणि मी लिही. लिहून झाले की मला खेळायला पळायचे असे, म्हणून मी लगेच कडेला जीभ लावायला जाई. आजी हात धरून म्हणे, "आधी वाचून दाखव, मग चिकटव." एकदा मी "पैसे पाठवू नको" मधला "नको" गाळला होता. तो तिने तिथेच पकडला. नाहीतर मावशीला वाटले असते, ही म्हातारी परदेशात जाऊन पैसे मागते.

दुसऱ्या दिवशी मी जोडणी थांबवली. सोडून मात्र दिली नाही. पुन्हा अर्धा दिवस हाताने उतरवत बसण्यात काही शहाणपण नाही. आता कॅप्शन तयार झाल्याचा निरोप विकीकडे जात नाही, माझ्याकडे येतो. मी फीत ऐकतो आणि सुधारतो ते कॅप्शनच्या फाईलमध्ये, कारण उगमाशी सुधारले तर पुढे आपोआप सुधारलेलेच जाते. "तपासले" अशी खूण केली तरच पान भरते. फीत पुन्हा कापली गेली तर ती खूण आपोआप पुसली जाते. हे करायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. वेळाही आता गाळत नाही. प्रत्येक परिच्छेदापुढे त्या ठेवतो, म्हणजे शंका आली तर फितीतली जागा लगेच सापडते. पानाच्या माथ्यावर लिहिले आहे की येथे दुरुस्ती करू नये, ती टिकणार नाही; ज्यांना टीप घालायची त्यांच्यासाठी शेजारी वेगळे पान आहे, त्याला जोडणी हात लावीत नाही. आणि "करू नका" असे जे जे फोरमन सांगतो, ते फितीत लाल पाटीवर माणसाच्या हाताने लिहिले जाते.

तपासायला आम्ही दोघे बसतो. मी डोळे मिटून ऐकतो, तो माझ्याशेजारी नुसते वाचतो. जिथे तो बोट उचलतो तिथे मी थांबतो. माझा स्वतःचा आवाज असलेल्या फितींत तो फार वेळा बोट उचलतो, कारण माझ्या हिब्रूतला मुंबईचा सूर त्या सॉफ्टवेअरला झेपत नाही. जुन्या फितींचा ढीग अजून तसाच आहे. रविवारी सकाळी सातला आम्ही पुढची लावणार आहोत.