‘शेतमजूर’ असे मी लिहिले

मूर्तिजापुरातल्या माझ्या दवाखान्यात केसपेपरवर नाव, वय, गाव यांच्याखाली ‘व्यवसाय’ असा एक रकाना आहे. वऱ्हाडात हा रकाना भरण्यासाठी रुग्णाला विचारावे लागत नाही, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. तळहाताला घट्टे, टाचांना भेगा, अंगावर उन्हाने विटलेला सदरा दिसला की मी ‘शेतमजूर’ लिहीत असे आणि पुढच्या रकान्याकडे वळत असे. जून २०१२ मध्ये पन्नाशीच्या एका गृहस्थांच्या कागदावर मी हाच शब्द लिहिला. तीन महिन्यांचा कोरडा खोकला, चालताना धाप. निदान म्हणून ‘दमा’ लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकले.

ते शेतमजूर होतेच, पण केवळ वर्षभरापासून. त्याआधीची चौदा वर्षे त्यांनी वणीकडच्या कोळसा खाणीत काढली होती. १९९७ साली ते शकुंतला रेल्वेने यवतमाळला गेले आणि तिथून एसटीने पुढे वणीला. उघड्या खाणीत कोळशाच्या वर वालुकाश्माचे थर असतात. ते सुरुंगाने फोडण्यासाठी आधी त्यांत खोल भोके पाडावी लागतात. त्या यंत्रावर ते ठेकेदाराकडून कामाला होते. भोक पाडताना जो पांढुरका धुरळा उडतो, त्यात सिलिका असते. तिचे अतिसूक्ष्म कण नाकातल्या केसांनी अडत नाहीत की खोकल्याने बाहेर पडत नाहीत. ते फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांत जाऊन बसतात, त्यांच्याभोवती व्रणासारख्या कठीण गाठी तयार होतात आणि फुप्फुस हळूहळू ताठर होते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. धुळीपासून दूर गेल्यावरही तो वाढत राहू शकतो, आणि झालेली हानी भरून काढणारे औषध आजही नाही.

हे सारे मी एमबीबीएसला वाचले होते. तरीही पुढच्या वर्षी त्यांच्या एक्स-रेवर फुप्फुसांच्या वरच्या भागात ठिपके दिसले, तेव्हा मला क्षयच आठवला. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी सहा महिने क्षयाची औषधे दिली गेली. डॉक्टरांची फसगत नेमकी इथेच होते. दोन्ही रोगांच्या सावल्या सारख्या दिसतात. शिवाय सिलिकोसिसच्या रुग्णाला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा खरोखरच अधिक असतो. तेव्हा क्षयाचा संशय घेणे चूक नव्हते. तिथेच थांबणे चूक होते. २०१५ मध्ये नागपूरच्या एका छातीविकार तज्ज्ञांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “दगडात काम केलं का कधी?”

परत आल्यावर त्यांच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, मी काहीशा तक्रारीच्या सुरातच म्हटले, “हे आधी सांगायचं नाही का?” त्या शांतपणे म्हणाल्या, “डाक्टरसाहेब, तुमी इचारलं असतं त सांगतलं असतं ना त्यायनं.”

माझ्या न विचारण्याचा परिणाम औषधापुरता राहिला नाही. कामामुळे जडलेला रोग हा कामावर झालेल्या अपघातासारखाच भरपाईस पात्र असतो. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत अशा रोगांची यादी होती आणि तीत सिलिकोसिस होता. आपल्याकडच्या जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसविकारही तीत होता, हे जाता जाता सांगून ठेवतो. काम सोडल्यावर दोन वर्षांच्या आत रोगाची लक्षणे दिसली, तर ती ज्या दिवशी प्रथम आढळली तोच अपघाताचा दिवस धरावा, असे त्या कायद्यात म्हटले होते. हा दिवस कोठे नोंदलेला असतो? माझ्यासारख्या गावातल्या डॉक्टरच्या केसपेपरवर. तारीख मी बरोबर टाकली होती. तिच्या शेजारी ‘खाणकामगार’ हा शब्द मात्र नव्हता.

दावा करण्याची मुदत दोन वर्षांची होती आणि ती उलटून गेली होती. पुरेसे कारण असल्यास आयुक्त उशीर माफ करू शकत, म्हणून अर्ज करता आला. अर्जासाठी वणीपर्यंत जावे लागले नाही, कारण कामगार जिथे राहतो त्या भागातही दावा दाखल करण्याची सोय होती. वहिनींनी ट्रंकेच्या तळातून खाणीचा जुना गेटपास काढून दिला आणि तोच मुख्य पुरावा ठरला. ठेकेदाराच्या मजुराची भरपाई मूळ मालकाकडूनही मागता येते, हे मलाही तेव्हाच समजले.

साक्षीसाठी मला बोलावणे आले. समोरच्या वकिलांनी माझाच केसपेपर माझ्या हातात दिला आणि ‘व्यवसाय’ हा रकाना मोठ्याने वाचण्यास सांगितले. मी वाचला. हा शब्द रुग्णाने सांगितला होता का, असे आमच्या बाजूच्या वकिलांनी विचारले तेव्हा मी खरे ते सांगितले: नाही, मी विचारलेच नव्हते. त्या खोलीत बसलेले माझे रुग्ण गुडघ्यांवर कोपरे टेकून, पुढे वाकून श्वास घेत होते. त्यांनी मान वर करून पाहिलेही नाही.

त्या काळच्या नियमाप्रमाणे हिशेब असा होता: कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. वेतन कितीही असले तरी ते ८,००० रुपयांपर्यंतच धरले जाई. २०२० च्या जानेवारीत ही मर्यादा १५,००० झाली. पन्नाशीला गुणक १५३.०९. म्हणजे ४,८०० गुणिले १५३.०९, अर्थात ७,३४,८३२ रुपये. प्रकरण चालू असतानाच, २०१८ च्या हिवाळ्यात ते गेले. पुढे वहिनींनी तडजोड स्वीकारली. हाती आलेली रक्कम या हिशेबाच्या एक तृतीयांशही नव्हती. शेवटची दोन वर्षे भाड्याने आणलेले ऑक्सिजनचे यंत्र, त्याचे विजेचे बिल, नागपूरच्या खेपा आणि गहाण पडलेली गळ्यातली पोत यांतच ती संपली.

त्या दोन वर्षांत वहिनींनी जी शुश्रूषा केली, तिच्यातून मी पुष्कळ शिकलो. रात्री त्यांना आडवे होता येत नसे. वहिनी गादीची वळकटी भिंतीला लावून त्यांना टेकवून बसवत, पुढ्यात उशी देत आणि स्वतः शेजारी बसून डुलक्या घेत. नाकाने श्वास घेऊन ओठांचा चंबू करून सावकाश सोडण्याचा व्यायाम मी एकदाच दाखवला होता. तो त्या त्यांच्याबरोबर स्वतः करीत, म्हणजे त्यांना कंटाळा येत नसे. घरात चूल बंद केली. झाडण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडू लागल्या. खोकल्याचा रंग बदलला, ताप आला किंवा वजन उतरले, तर त्याच दिवशी निरोप येई, कारण क्षयाची भीती मी त्यांना समजावून सांगितली होती.

ज्यांच्या घरात खाणीत, दगडखाणीत किंवा गिट्टीच्या क्रशरवर काम केलेले वडीलधारे आहेत, त्यांनी जुने एक्स-रे रद्दीत टाकू नयेत. गेटपास, पगाराची चिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा कागद, खाणीत दर पाच वर्षांनी होणाऱ्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल, जे असेल ते एका पिशवीत ठेवावे. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी विचारले नाही तरी कोणते काम किती वर्षे केले ते सांगावे आणि कागदावर लिहून घ्यावे. १९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. म्हणून मुदत आणि रक्कम यांची आजची स्थिती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारावी. स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे वकील विनामूल्य मिळतो.

माझ्या व्यवसायबंधूंसाठीही एक गोष्ट. खाणीत काम केलेल्या रुग्णाला सिलिकोसिसचा नुसता संशय आला, तरी त्याची लेखी सूचना खाणींच्या मुख्य निरीक्षकांना, म्हणजे धनबादच्या कार्यालयाला, विनाविलंब पाठवणे हे डॉक्टरचे कर्तव्य १९५२ च्या खाण कायद्याच्या २५ व्या कलमाने ठरवले होते. इतकी वर्षे व्यवसाय करून मी असे एकही पत्र पाठवले नव्हते. ओळखीच्या सात-आठ डॉक्टरांना विचारले, तर त्यांपैकी कोणालाही हे कलम ठाऊक नव्हते.

वहिनी अजूनही रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी येतात. गेल्या महिन्यात त्या बाकावर बसल्या होत्या तेव्हा अमरावतीकडच्या एका खेड्यातून मुलगा वडिलांना घेऊन आला. वय अडुसष्ट, खोकला, धाप. काम काय करत होते, असे विचारताच मुलाने “शेतीच” असे उत्तर दिले. मी म्हातारबांकडे वळून विचारले, “आणि त्याआधी, बाबा?” ते बोटांवर मोजू लागले. गिट्टी मशीनवर अकरा वर्षे, मग वणीला नऊ. मुलालाही ते नवीन होते. मी दोन्ही ठिकाणे लिहून घेतली आणि एक्स-रेसाठी त्यांना अकोल्याला पाठवले. अहवाल अजून यायचा आहे.