कड्यात काय दिसतं

नांदेडच्या गुरुद्वाऱ्याच्या वाटेवर एका सरदारजींचं कड्या-किरपाणांचं दुकान आहे. ऑनलाइन विक्रीसाठी बारा कड्यांची चित्रं करायचं काम त्यांनी मला दिलं. मागे निव्वळ पांढरं हवं होतं. मी लातूरला, गंजगोलाईमागच्या खोलीत बसून ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ही कामं करतो. कड्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर आले, त्यांवरूनच मॉडेलं उभी केली. एकही कडं हातात घेतलं नाही. पुढचं सगळं तिथूनच बिघडलं.

पहिल्या रेंडरमध्ये मागचं पांढरं राखाडी आलं. ॲमेझॉनच्या मुख्य चित्रामागे लाल, हिरवा, निळा तिन्ही 255 असं शुद्ध पांढरं लागतं. ब्लेंडरमधली फिल्मिक आणि 4.0 पासून आलेलं एजीएक्स ही रंगरूपांतरं लख्ख उजेड मुद्दाम दाबून दाखवतात, म्हणून पांढरं तिथवर पोचत नाही. हे कारण मी शोधलंच नाही. सरळ भोवतालचा उजेड चौपट केला. मागचं पांढरं झालं आणि कडंही त्यात विरघळलं.

मग एका परदेशी रस्त्याचा तयार एचडीआरआय, म्हणजे भोवतालचा उजेड देणारं चित्र, लावला. कडा दिसू लागल्या, पण धातूत खिडक्या आणि झाडं उमटली. ती घालवायला रफनेस, म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा, वाढवला, तसा लोखंडाचा रंग दुधाळ झाला. शेवटी फोटोशॉपात लेव्हल्स ओढून चित्र आणखी उजळलं. उरलीसुरली सावली गेली, कडं अधांतरी तरंगू लागलं. मला ते देखणं वाटलं. तसंच पाठवून दिलं, पैसेही घेतले.

पंधरा दिवसांनी फोन आला. "बेटा, दोन कडी परत आली. गिऱ्हाईक म्हणतं, चांदीचं समजून घेतलं होतं." थोडं थांबून ते म्हणाले, "आमचं कडं लोखंडाचं असतं. लोकांना वाटलं, मी फसवून विकतो." आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. कडं हे शिखांच्या पाच ककारांपैकी, म्हणजे धर्मचिन्हांपैकी, एक. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला, त्या नांदेडातल्या माणसाचं लोखंड मी चांदीसारखं दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अहमदपूर-लोहा मार्गे एसटीनं नांदेड गाठलं. सरदारजींनी काही न बोलता सर्बलोहाचं, म्हणजे निव्वळ लोखंडाचं, एक कडं माझ्या तळहातावर ठेवलं. वजनदार, काळसर. दाराकडे वळवलं तर त्यावर उजेडाची एकच बारीक रेघ धावत होती. बाकी अंगावर दुकानातला अंधार होता, माझा शर्ट होता, बाहेर थांबलेली रिक्षा होती. चकचकीत धातू भोवतालचंच दाखवतो, आणि मी त्याच्या भोवती पांढऱ्याशिवाय काही ठेवलंच नव्हतं.

घरी आल्यावर हेच ताडून बघायला आजीचा पितळी अडकित्ता काढला. अडकित्त्यांसाठी लातूरचं नाव आहे, पण हा मी आजवर नीट न्याहाळला नव्हता. चिंचेनं घासला, खिडकीपाशी पांढऱ्या कागदावर ठेवला आणि काळ्या पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या दोन्ही बाजूंनी हळूहळू जवळ सरकवल्या. पट्टी टीचभर अंतरावर आली तशी मुठीच्या कडेवर गडद रेघ उमटली. पट्टी मागे नेली की रेघ बारीक होऊन मिटे. गोल वस्तूच्या अगदी कडेला नजर इतकी तिरपी पडते की तिथे मागच्या आणि बाजूच्या जागेचंच प्रतिबिंब दिसतं; तिथे पांढरं असेल तर कड पांढऱ्यातच मिळून जाते. मी बराच वेळ त्या पट्ट्या पुढेमागे करत बसलो. हे आधी केलं असतं तर सरदारजींवर ती वेळ आली नसती.

ब्लेंडरमध्ये हेच मांडलं. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर दोन काळे पडदे, वर एक लांबट अरुंद एरिया लाइट आणि चौकटीपुरतंच पांढरं. पांढरं दबू नये म्हणून रंगरूपांतर स्टँडर्ड ठेवलं. सावलीसाठी खाली शॅडो कॅचर घातला, म्हणजे सावली वेगळी मिळते आणि मागे खरं 255 भरता येतं. रफनेस उतरवला, धातूचा रंग हातातल्या कड्याशी ताडून गडद केला. बाराही चित्रं नव्यानं केली, पैसे न घेता. परत आलेल्या कड्यांचा कुरिअरखर्च देऊ केला, तो सरदारजींनी घेतला नाही.

जुनी चित्रं मात्र अजून लोकांच्या फोनवर फिरतात. परवाच ओळखीच्या एकानं त्यातलं एक मला पाठवलं आणि विचारलं, हे चांदीचं कडं केवढ्याला मिळेल? लोखंडाचं आहे, चित्र माझं आहे आणि ते चुकलंय, असं त्याला कळवलं.